ओढायचं, ढकलायचं नाही

उस्तादांचा उजवा खांदा वाजायचा. नुसता दुखायचा नाही, वाजायचा. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की उस्ताद त्याला आधी स्टुलावर बसवायचे, मग हात जरा बाजूला घेऊन खांदा असा काही फिरवायचे की आतून कडकन आवाज यायचा. गिऱ्हाईक दचकायचं आणि उस्ताद खूश व्हायचे. "हा टी-शर्ट छापणाऱ्याचा खांदा आहे," म्हणायचे, "उगाच नाही वाजत!" तो हात वर नेता येत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही, सकाळी शर्टाच्या बाहीशी झटापट करताना डोळ्यांत पाणी येतं, हे मात्र ते गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत. गिऱ्हाइकाला काय, आवाज पुरतो.

दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. पुढे काउंटर, मध्ये लाकडी आडभिंत, मागे छपाई. मागच्या भिंतीला एक खिडकी होती आणि त्या खिडकीवर प्लायवुडची फळी ठोकलेली होती. फळीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. उस्तादांनी दुकान थाटलं तेव्हा छपाईचं टेबल मुद्दाम खिडकीखाली बसवलं, उजेड मिळावा म्हणून. पण खिडकीतून वारा यायचा, आणि वारा लागला की रंग जाळीतच वाळायचा. जाळीची भोकं बुजायची, छापात पांढरे ठिपके राहायचे. उस्तादांनी एक घाव दोन तुकडे केले आणि खिडकीच बंद करून टाकली. म्हणजे उजेडासाठी बसवलेलं टेबल अंधारात, आणि दिवसभर डोक्यावर ट्यूबलाइट. खिडकीशेजारी एक एक्झॉस्ट पंखाही होता, त्याचीही वायर काढून ठेवलेली. यात काही चुकतंय असं कोणाच्या मनात आलं नाही. टेबल जमिनीत बोल्टनं आवळलेलं होतं ना! जे बोल्टनं आवळलंय ते बरोबरच असणार, असा माणसाचा एक भाबडा समज असतो.

छपाईचंही तसंच. टी-शर्ट पाटावर ताणून बसवायचा, वर जाळीची फ्रेम टेकवायची, जाळीवर रंग ओतायचा, आणि लाकडी मुठीची रबरपट्टी दोन्ही हातांनी धरून, हात लांब पसरून, अंग मागे टाकत ती आपल्याकडे ओढायची. ओढायची म्हणजे ओढायचीच. पट्टी पुढे ढकलूनही रंग उतरतो, हे त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण उस्तादांच्या मते ढकलणारा माणूस कामचुकार. "ओढायचं, ढकलायचं नाही," हे वाक्य त्या खोलीत इतक्यांदा म्हटलं गेलं होतं की भिंतींनाही पाठ झालं असावं.

उस्तादांचा हात कामातून गेला तेव्हा दुकान त्यांच्या धाकट्या मुलीनं हातात घेतलं. तिला गल्लीत सगळे ठिणगी म्हणायचे, आणि हे नाव तिला लाडानं पडलेलं नव्हतं. थोरला भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि सदा रस्त्यावर असायचा. त्याची बायको, म्हणजे ठिणगीची वहिनी, तिच्या जोडीला उभी राहायची. ठिणगी छापायची. वहिनी पाटावर शर्ट लावायची, छापलेला काढून रंग पक्का करणाऱ्या भट्टीच्या पट्ट्यावर सोडायची, आणि काम संपलं की आतल्या बिनखिडकीच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या हौदात थिनरनं जाळ्या धुवायची. उस्ताद काउंटरमागच्या खुर्चीत बसून दोघींच्या चुका काढायचे. हे काम त्यांना बसल्या जागी जमायचं.

लोकांना वाटतं, टी-शर्ट छापणं म्हणजे गंमत. रंगबिरंगी काम, सावलीतलं. त्यांनी एक दिवस त्या खोलीत उभं राहून पाहावं. भट्टीच्या धगीनं दुपारपर्यंत कपडे पाठीला चिकटतात. शर्ट सरकू नये म्हणून पाटावर गम फवारतात, तो पाटावर बसतो तितकाच छातीत बसतो. थिनरचा वास नाकातून थेट कपाळात चढतो आणि घरी जाऊन आंघोळ केली तरी उतरत नाही. फरशी सिमेंटची, त्यामुळे संध्याकाळी टाचा आपल्या राहत नाहीत. शर्टांची खोकी उचलताना कंबर धरते. आणि या सगळ्यावर दर शर्टाला एक ओढ, रंग दोन असले तर दोन ओढी, पुन्हा पुन्हा, दिवस मावळेपर्यंत.

तरी ठिणगीला हे काम आवडायचं. खरं सांगायचं तर जीव होता तिचा या कामावर. फ्रेम उचलली की कोऱ्या कापडावर चित्र उमटलेलं दिसतं, त्या क्षणी ती दर वेळी नव्यानं हसायची. वहिनी तिला चिडवायची, "वन्सं, नवरा बघितल्यावर पण इतकं हसायचं बरं का!"

मग एका सकाळी ठिणगीनं वेणी घालायला हात वर केला आणि तो कानापाशी अडकला. पुढे जाईना. डॉक्टरीणबाईंनी खांदा चाचपला, हात फिरवून पाहिला, आणि काय काम करता, असं विचारलं. ठिणगीनं समोरच्या टेबलावरच ओढून दाखवलं.

"असं लांब हात करून ओढणं बंद करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोपरं अंगाजवळ ठेवून जे काम होईल तेवढंच करायचं. नाही ऐकलंत तर हा खांदा धरेल. मग मी काही करू शकणार नाही."

ठिणगी दुकानात आली आणि बापाला सगळं सांगितलं. तिला वाटलं, बाबा घाबरतील. निदान खुर्चीत नीट तरी बसतील. उस्तादांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"झालीस!" ते म्हणाले. "आज खरी कारागीर झालीस बघ तू!"

ठिणगी बघतच राहिली. आपल्या पोरीचा हात जातोय, आणि या माणसाला आनंद झालाय. अगदी मनापासून, भरून येऊन आनंद झालाय. बाप रागावला असता, हसण्यावारी नेलं असतं, तर तिनं ते गिळलं असतं. हा आनंद तिच्या घशाखाली उतरेना.

"मला नकोय ते," ती म्हणाली.

"काय नकोय?"

"तुमचा खांदा. दुकान हवंय, काम हवंय, तुमचा खांदा नकोय."

"तसं सुटं मिळत नाही इथं काही," उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "झेपत नसेल तर सरळ सांग. तुझा चुलतभाऊ कधीचा दुकान मागतोय. देतो त्याला. माझ्या टेबलावर माझ्या पद्धतीनंच काम होईल, नाहीतर तू घरी बस."

ठिणगी तडक आडभिंतीमागे छपाईला गेली, त्यावरूनच वहिनी समजली की हे प्रकरण इथं मिटत नाही.

त्याच आठवड्यात शाळेच्या खेळाच्या मास्तरांनी पळण्याच्या शर्यतीचे शर्ट सांगितले होते. छातीवर धावणारा बूट, पाठीवर शाळेचं नाव. संध्याकाळी मास्तर न्यायला येणार होते. सकाळपासून ठिणगी दात-ओठ खात ओढत होती. छातीकडची बाजू संपली, पाठीची जाळी लावायची म्हणून वहिनी आधीची जाळी धुवायला हौदाशी गेली. काम घाईचं होतं म्हणून तिनं थिनर जरा सढळ हातानं ओतला.

थोड्या वेळानं ठिणगीला हौदाकडून काहीच आवाज येईना. तिनं वळून पाहिलं तर वहिनी भिंतीला धरत, पाय ओढत बाहेर येत होती. चेहरा पांढराफटक. "गरगरतंय गं," एवढंच म्हणाली, आणि तोल सावरायला तिनं जिथं हात टेकला ती भट्टीची कड होती.

वहिनी ओरडली ते गल्लीपर्यंत ऐकू गेलं. ठिणगीनं तिला ओढतच पुढच्या नळाशी नेलं, हात वाहत्या पाण्याखाली धरला आणि धरूनच ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टा उठला होता. उस्ताद खुर्चीतून उठून आले, पट्टा पाहिला, आणि मायेनंच म्हणाले, "होतं गं सूनबाई. या कामात भाजतंच. माझ्याही हातावर बघ किती डाग आहेत."

झालं. ठिणगीनं वहिनीला शटरबाहेर मोकळ्या हवेत बसवलं, नळाखालचं ओलं फडकं तिच्या हातावर ठेवलं, आणि आत गेली. हातोडी उलटी करून तिनं खिडकीवरच्या फळीचा पहिला खिळा उपटला. मग दुसरा. फळी धाडकन खाली पडली, धुळीचा लोट उठला, आणि मागच्या आवारातला वारा सरळ आत घुसला. पंख्याची वायर जोडली तर तो आधी कुरकुरला, मग गरगर फिरायला लागला.

"अगं वेडी झालीस का? रंग वाळेल!" उस्ताद ओरडले.

"वाळू दे!"

आणि वाळलाच. चार शर्ट झाले नाहीत तोच शाळेच्या नावात भोकं दिसायला लागली. एक अक्षर अर्धं, एक गायब. उस्तादांनी तो शर्ट उचलून उजेडात धरला. "बघ! मी काय मूर्ख म्हणून खिडकी बंद केली होती का?"

मूर्ख म्हणून केली नव्हती. सगळ्यात जास्त संताप त्याचाच होता की बाबांचं म्हणणं खरं होतं. वारा आला की रंग वाळतो. वारा नसला की माणूस पडतो. ठिणगी खोक्यावर बसली. शर्ट पडून होते, मास्तर संध्याकाळी येणार होते, दुकान चुलतभावाकडे जायला एवढं निमित्त पुरलं असतं. तिनं हौदाकडे पाहिलं. हौद आतल्या कोपऱ्यात, जिथं वाऱ्याचा लवलेश नाही. टेबल खिडकीखाली, आणि त्याला वारा नको. ज्याला वारा हवा ते कोंडलेलं आणि ज्याला नको ते वाऱ्यात. ती मोठ्यानं हसली. इतकी वर्षं या खोलीत इतकी माणसं वावरली आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, तिच्यासकट!

"वहिनी, बरं वाटतंय का?"

"वाटतंय. का?"

"एका हातानं पाना धरता येईल?"

वहिनी आत आली. तिनं ठिणगीचा चेहरा पाहिला आणि न विचारता पदर खोचला. उस्तादांना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर ते येऊन टेबलाला पाठ लावून उभे राहिले.

"या टेबलाला हात लावायचा नाही. मी बसवलंय हे."

"म्हणूनच मलाच हलवावं लागतंय," ठिणगी म्हणाली. "बाबा, बाजूला व्हा. पायावर येईल."

"दुकान माझं आहे!"

"तुमचंच आहे. उद्या चुलतभावाला द्या, परवा विका. पण आज हे शर्ट माझे आहेत, आणि भाजलेला हात माझ्या वहिनीचा आहे. आज टेबल हलणार."

उस्ताद हलले नाहीत. दोघी खाली बसून त्यांच्या पायांजवळचे बोल्ट सोडवायला लागल्या. ठिणगीचा उजवा हात कुचकामी, वहिनीचा डावा भाजलेला. दोघींचा मिळून एक धड माणूस होत होता. बोल्ट गंजलेले, पाना घसरायचा, दोघी एकमेकींवर आपटायच्या आणि पुन्हा धरायच्या. उस्ताद वरून बघत होते. कारागीर माणूस, त्यांना सगळं सहन होईल पण चुकीच्या हातानं धरलेलं हत्यार सहन होत नाही.

"उलटं फिरवताय, अक्कल गहाण टाकली का?" ते शेवटी खेकसले. "आधी तेल सोडा त्याच्यावर!"

तेल सोडलं. बोल्ट निघाले, तसे उस्तादही बाजूला झाले. टेबल आतल्या कोपऱ्यात गेलं, हौद ओढून खिडकीखाली आणला, त्याचा पाइप वाढवून मोरीत सोडला. पंखा आता थिनरचा वास उचलून सरळ बाहेर फेकत होता. ट्यूबलाइटची एक वायर ओढून टेबलावर उजेड केला, पायांखाली जुनी रबरी चटई टाकली. उस्ताद मधोमध उभे होते, स्वतःच्याच दुकानात पाहुण्यासारखे.

ठिणगीनं बुजलेली जाळी धुऊन घेतली, शर्ट लावला, फ्रेम टेकवली, रंग ओतला. कोपरं अंगाला लावली. कोपरं अंगाला लावून ओढता येत नाही, हे तिला पहिल्याच झटक्यात कळलं. मग तिनं पट्टी जरा तिरकी केली, अंगाचा भार पुढे टाकला, आणि ढकलली.

"ए!" उस्ताद असे ओरडले जणू कोणी पाकीट मारलं.

ठिणगीनं फ्रेम उचलली. शाळेचं नाव उमटलं होतं, काठ धारदार, रंग भरगच्च. तिनं दुसरा शर्ट लावला. मग तिसरा. खांदा ठणकत होता, पण सकाळसारखा किंचाळत नव्हता. वारा होता, पण टेबलापर्यंत पोचत नव्हता. वहिनी उजव्या हातानं शर्ट लावत होती आणि गुणगुणत होती, मुद्दाम, सासऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

उस्तादांनी सकाळचा एक ओढलेला शर्ट आणि आताचा ढकललेला शर्ट शेजारी ठेवला. चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला. बोटानं रंगाची जाडी पाहिली, कापड ताणून पाहिलं, उलटं करून आतून पाहिलं. बराच वेळ त्यांनी खोट शोधली. बिचाऱ्यांनी जीव तोडून शोधली.

"धुतल्यावर जाईल," ते शेवटी म्हणाले.

"सकाळच्यांचाही जाईल मग," ठिणगी म्हणाली. "भट्टी तीच आहे."

"मास्तरांना सांगतो मी. माझ्या पद्धतीचा माल नाही म्हणून, घेऊ नका म्हणून सांगतो."

वहिनीचं गुणगुणणं थांबलं. ठिणगीनं पट्टी खाली ठेवली. ती बापाकडे वळली. "सांगा," ती म्हणाली. "जरूर सांगा. पण आधी एक शर्ट स्वतः ढकलून बिघडवून दाखवा. बिघडला तर मीच सांगते मास्तरांना, आणि उद्या चुलतभावाला शटर उघडून देते."

"दाखवतो," उस्ताद म्हणाले. "ढकलून काय होतं ते दाखवतोच तुला!"

ते तावातावानं टेबलाशी आले. त्या खुर्चीत बसल्यापासून त्यांनी पट्टी हातात धरली नव्हती. वहिनीनं शर्ट लावला. उस्तादांनी सवयीनं हात लांब केले, तोंड वाकडं झालं, हात मागे आले. मग नाइलाजानं त्यांनी कोपरं अंगाशी घेतली, आणि रागानं, बिघडवायच्याच इराद्यानं, पट्टी पुढे ढकलली.

फ्रेम उचलली. नाव स्वच्छ उमटलं होतं. एवढ्या वर्षांचा हात होता तो, बिघडवू म्हणून बिघडवता येत नव्हतं.

"दुसरा लाव," उस्ताद म्हणाले.

दुसरा स्वच्छ. तिसरा स्वच्छ. वहिनी लावत होती, ते ढकलत होते. पाचव्या-सहाव्या शर्टाला त्यांचा हात मध्येच थांबला. ते उभे राहिले, आपल्या उजव्या खांद्याकडे मान वळवून, कोणी हाक मारावी तसे.

"दुखलं नाही," ते म्हणाले.

त्यांनी पट्टी सावकाश शेवटपर्यंत ढकलली.

"मला येतंय हे काम," उस्ताद म्हणाले. "अजून येतंय. मला त्या खुर्चीत बसायची गरज नव्हती." त्यांनी पट्टी जाळीवर ठेवली. "मग मी जे सोसलं, ते कशासाठी सोसलं?"

अशा वेळी मुली सांगतात, बाबा, तुमच्या कष्टांवर आम्ही वाढलो. ठिणगीच्या ओठांवर ते आलंही होतं. ते खोटं नव्हतं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं.

"कशासाठीच नाही, बाबा," ती म्हणाली. "शर्ट तेवढेच छापले असते."

उस्ताद खोक्यावर बसले. "मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," म्हणाले, आणि रडायला लागले. चेहरा न लपवता, भाजलेल्या डागांचे हात मांडीवर ठेवून, लहान पोरासारखे. वहिनीनं पाण्याचा तांब्या आणून दिला.

ठिणगी उभी होती. तिचा राग गेला नव्हता, फक्त त्यानं जागा बदलली होती. सकाळपासून ती बापावर चिडली होती. आता बापाचा खांदा खाणाऱ्या त्या एका वाक्यावर चिडली होती, जे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं असेल, त्याला त्याच्या उस्तादानं, आणि जे सगळ्यांनी दुखणं दागिन्यासारखं मिरवत पुढे दिलं. ते तिच्यापर्यंत आलं होतं. तिच्या पुढे ते जाणार नव्हतं.

"उठा," ती म्हणाली. "गठ्ठा बाकी आहे. थोडे तुम्ही, थोडे मी. दमलात की बसायचं, आणि नाकाला फडकं बांधल्याशिवाय गम फवारायचा नाही."

उस्तादांनी बाहीनं डोळे पुसले. टेबल नव्या जागी होतं, त्याला कुठल्या बाजूनं जायचं हे त्यांना क्षणभर उमगेना. मग ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले, पट्टी उचलली, आणि कोपरं अंगाला लावून तिच्याकडे पाहिलं.

"अशीच ना?" त्यांनी विचारलं.

"जरा तिरकी धरा," ठिणगी म्हणाली, आणि त्यांच्यासाठी पुढचा शर्ट लावला.